डोंगर शिकायचा तर

जयपूरच्या जवाहर नगराच्या पाठीशी अरवलीच्या टेकड्या आहेत. तेथील मूळचा धोकवृक्ष टिकणार, की बाहेरून आणलेली वेडी बाभूळ त्याची जागा घेणार, हे प्रयोगशाळेत बसून कळत नाही. त्यासाठी संशोधक विद्यार्थ्यास कित्येक पावसाळे डोंगर चढावा लागतो. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. तीत उदरनिर्वाह होतो. परंतु गाडीभाडे, वाटाड्याची मजुरी, उपकरणे यांसाठीचे आकस्मिक अनुदान वर्षाला अवघे २०,००० रुपये. पावसाळा हुकला की वर्षाच्या नोंदी हुकतात. म्हणून हे अनुदान वाढावे आणि पहिल्या पावसाआधी हाती पडावे. आपली कन्या अशा कामास निघाली, तर तिला अडवू नका. तिच्या नोंदवहीवाचून टेकडीचे रक्षण आंधळेच राहील.