तिसरं अपत्य

माणसाने कोणत्या वयात काय करावे याचे सरकारने एक वेळापत्रक आखून ठेवले आहे. अठराव्या वर्षी मत द्यावे. पुरुषाने एकविसाव्या वर्षी लग्न करावे. हवी तर त्याच वर्षी बीअर घ्यावी. पण देशी किंवा विलायती कडक दारू प्यायची तर पंचविसावे वर्ष लागेपर्यंत थांबावे. म्हणजे महाराष्ट्रात सरकार निवडायला अठरा वर्षांची अक्कल पुरते, बायको निवडायला एकवीस वर्षांची, आणि चपटी निवडायला मात्र पंचवीस वर्षांची लागते! शिवाय परवाना लागतो तो वेगळाच. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे आणि पिणाऱ्याजवळ परवाना असावा असे तो सांगतो. आमच्या कळंबला परवाना खिशात घालून दुकानावर गेलेला एकही गडी आम्ही अजून पाहिलेला नाही. येताना चप्पल कुठे राहिली हे ज्याला आठवत नाही, तो परवाना काय सांभाळणार?

लग्न आणि चपटी यांच्यात चार वर्षांचे अंतर का ठेवले असावे, यावर आम्ही बराच विचार केला. चार वर्षांत दोन लेकरे होतात, आणि सरकारलाही दोनच हवी असतात. कोटा पूर्ण झाला की बाटलीला मोकळीक, असा काहीतरी हिशेब असावा.

या दोनाच्या आकड्यापायी सरकारने काय काय केले! १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण आला. आणीबाणीत तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिले. दंडुक्याने काम होत नाही हे कळल्यावर मग पाकीट पुढे आले. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात २००७ साली योजना निघाली. नव्या जोडप्याने पहिले मूल दोन वर्षे लांबवले तर पाच हजार रुपये, तीन वर्षे लांबवले तर साडेसात हजार. सरकारने संसारात इतके लक्ष घातले की सासूलाही काही काम उरले नाही.

वाचकहो, या विषयात आपला समाज सरकारच्या मागे नव्हता, पुढे होता. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू कोर्टात कोणी मांडली? बाबासाहेबांनी. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण पक्षाचे आमदार रोहम यांनी केले. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागत्या तर एकाहून अधिक मुलाला कोणी तयार झाला नसता, अशा अर्थाचे वाक्य त्या भाषणात आहे. ठराव पडला. सरकारला जाग यायला पुढे चौदा वर्षे लागली.

त्या वाक्यातले खरेपण अजून संपलेले नाही. शस्त्रक्रियेच्या मोबदल्याचा २००७ सालचा दर बघा. अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालच्या बाईला सहाशे रुपये, पुरुषाला अकराशे. आता पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाका नको, मुक्काम नको, आणि वर पाचशे रुपये जास्त. तरी टेबलावर बाईच. गडी म्हणतो, "आमची ताकद जाईल. उसाची मोळी कोण उचलणार?" मोळी त्याची बायकोही उचलते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. आणि ताकद खरोखर कशाने जाते ते संध्याकाळी सहानंतर साऱ्या आळीला दिसते.

असो. बायांनी सोसले आणि कुटुंब लहान झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुले निघाली. दोनाचीही भरती होईना. आता काही पुढाऱ्यांना उलटी काळजी लागली आहे. आंध्र प्रदेशाने तर दोनापेक्षा जास्त मुले असणाऱ्यांवरची स्थानिक निवडणुकीतली बंदी २०२४ साली उठवली.

पण आमचा प्रश्न वेगळाच आहे. लेकरे दोनावर आली, मग घरात पैसा का दिसत नाही?

आम्ही पडलो बी.कॉम. कारकून. कुठे मेळ बसत नसेल तर न दाखवलेली रक्कम शोधायची, एवढेच आम्हाला येते. शोधता शोधता असे दिसले, की बऱ्याच घरांत एक तिसरे अपत्य आहे. रेशनकार्डावर त्याचे नाव नाही. सरकारी नोकरीसाठी २००५ पासून छोट्या कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यातही ते दाखवत नाहीत. ते शाळेत जात नाही, कमावत नाही, वयात येत नाही. आईने मागितले तर पैसे नसतात, याने मागितले तर असतात. हे अपत्य म्हणजे बाटली.

ते घरात येते कसे, याचेही एक वेळापत्रक आहे, फक्त ते सरकारच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. विसाव्या वर्षी गडी उसाच्या फडाआड, मित्रांनी आग्रह केला म्हणून घेतो. पंचविशीत कोणाचे तरी लग्न असते म्हणून घेतो. तिशीत अंग दुखते म्हणून. चाळिशीत टेन्शन असते म्हणून. पन्नाशीत झोप लागत नाही म्हणून. साठीला तोच पारावर बसून पोरांना सांगतो, "आम्ही सोडली बाबा!" त्याने ती सोडलेली नसते. डॉक्टरांनी सोडवलेली असते, आणि तोवर लिव्हरने त्याला सोडलेले असते. कारण दर दहा वर्षांनी बदलले, बाटली तीच राहिली.

आमच्या भागात याची एक गंमतही आहे. कळंब वालचंदनगरला खेटून, चहूकडे ऊस. ऊस तोडायचा आपल्याच माणसांनी. कारखान्यात साखर निघते ती बाजारात जाते. खाली मळी उरते, मळीपासून स्पिरिट होते, स्पिरिटापासून देशी. ज्याने दिवसभर ऊस तोडला त्यानेच संध्याकाळी तो पैसे देऊन परत घ्यायचा. याला आम्ही शिकलो त्या व्यापारशास्त्रात काही नाव नव्हते.

आता हिशेब. १ एप्रिल २०२३ पासून राज्यात 'लेक लाडकी' योजना आहे. पिवळ्या-केशरी रेशनकार्डाच्या घरात मुलगी जन्मली की पाच हजार, पहिलीत सहा हजार, सहावीत सात हजार, अकरावीत आठ हजार, अठरा वर्षे पूर्ण झाली की पंचाहत्तर हजार. बेरीज १,०१,०००. दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करावी, ही अट. योजना चांगली आहे, जिला लागू असेल तिने अर्ज जरूर भरावा.

आता दुसरी बाजू. जून २०२५ मध्ये सरकारने दर वाढवले आणि १८० मिलिलिटरची देशीची बाटली किमान ८० रुपयांवर गेली. रोज एक धरा. वर्षाचे २९,२०० रुपये. दर पुन्हा वाढलाच नाही असे मानले तरी अठरा वर्षांचे ५,२५,६०० रुपये. म्हणजे लेकीला मिळणारे एक लाख एक हजार तिसरे अपत्य साडेतीन वर्षांत पिऊन मोकळे. पोरगी तेव्हा अंगणवाडीत असते. ८० रुपयांतला बराच भाग कराच्या रूपाने सरकारकडेच जातो. सरकार लेकीला ज्या हाताने देते, त्याच्या दुसऱ्या हाताने बापाकडून घेते.

आपल्याला तर सरकारने सांगायचीही गरज नव्हती. पाचवे शील आहे. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची सतरावी प्रतिज्ञा आहे. पण विहारात पंचशील म्हणताना आमचे लक्ष असते. पहिली चार शीले खणखणीत होतात, आणि पाचव्याला मागच्या रांगेतले काही आवाज एकदम बारीक होतात. बायांचे आवाज मात्र तिथेच वाढतात.

त्याच आवाजासाठी कायद्यात एक सोय आहे, ती माहीत असावी. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घेता येते. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक आडव्या बाटलीच्या बाजूने पडल्या पाहिजेत. मतदानाला न आलेली बाई उभ्या बाटलीलाच मदत करते, तेव्हा त्या दिवशी भाकरी थोडी उशिरा झाली तरी चालेल.

आणि दुकान बंद होईपर्यंत? दहा वर्षांच्या आतल्या मुलीच्या नावाने पोस्टात सुकन्या समृद्धीचे खाते निघते. वर्षाला किमान २५० रुपये भरायचे. तीन चपट्या आणि वर दहा रुपये. बापांनो, येत्या पगाराला तीनच दिवस कोरडे काढा आणि पासबुक लेकीच्या हातात द्या. चौथ्या दिवशी तीच तुमची वाट अडवून उभी राहील.

जयभीम.