किनाऱ्याचाही केसपेपर हवा

ऑगस्ट 2018मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर ‘ब्लू बॉटल’च्या डंखाने अनेकजण कळवळले. त्याआधी 2013मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकटाचे काटे लागून अनेकांना रुग्णालय गाठावे लागले. दोन्ही वेळा धावपळ झाली ती रुग्ण आल्यानंतर. पावसाळी वाऱ्यांबरोबर हे निळे फुगे किनाऱ्याला लागतात, हे कोळी बांधवांना ठाऊक असते. पण ते कधी, कुठे, किती दिसले याची नोंद आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचत नाही.

नोंद ठेवणारी माणसे कोकणात आहेत. मंडणगड तालुक्यातील वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002मध्ये गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. हंगामात कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात. घरटे सापडले की जागा, तारीख, अंड्यांची संख्या लिहितात. त्याच फेरीत ब्लू बॉटल, डांबराचे गोळे, मेलेले जलचर आणि एका पक्क्या खुणेपासून भरतीरेषेचे अंतर टिपणे अवघड नाही.

हे अंतर आरोग्याशीही जोडलेले आहे. समुद्र आत सरकला की किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होऊ शकतात, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला जादा मीठ बाधते. अर्थात, एका मोजणीवरून रक्तदाबाचे निदान होत नाही, तसेच किनाऱ्याचेही. पावसाळ्यात गेलेली वाळू पुढे बरीचशी परतते. म्हणून जागा तीच, ऋतू तोच आणि मोजणी वर्षानुवर्षे हवी.

स्वयंसेवक तज्ज्ञ नाहीत, हा आक्षेप नेहमीचा. पण त्यांच्याकडून निदानाची अपेक्षाच नाही. वॉर्डातील तापाच्या तक्त्याइतकी प्रामाणिक नोंद आणि तारखेसह छायाचित्र पुरेसे आहे. मेलेल्या प्राण्याला हात मात्र लावू नये.

उणीव आहे ती नोंद स्वीकारणाऱ्याची. ब्लू बॉटल दिसल्याचा निरोप त्याच सकाळी ग्रामपंचायत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळाला, तर किनाऱ्यावर फलक लागेल. डंख झालाच तर जागा चोळू नये, समुद्राच्या पाण्याने धुवावी, चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवावी. धाप लागल्यास थेट रुग्णालय गाठावे. कासवमित्रांचा सत्कार जरूर करावा. पण त्यांची वही वाचणारा कोणीतरी नेमणे अधिक गरजेचे आहे.