विषाणू समान, मृत्यू विषम

साथीचा रोग जात, धर्म, गरीब, श्रीमंत असा भेद पाहत नाही, हे वाक्य 2020 आणि 2021 या दोन वर्षांत आपण असंख्य वेळा ऐकले. ऐकावयास ते बरे वाटते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला ते मान्य करता येत नाही. विषाणू भेद करीत नसेल, समाज मात्र करतो.

1918 च्या इन्फ्लुएन्झाचे उदाहरण घेऊ. मुंबईत शिरलेली ती साथ रेल्वेमार्गाने देशभर पसरली आणि भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मुंबई शहरातील त्या वेळचे समाजनिहाय मृत्युदर नोंदलेले आहेत. युरोपियनांमध्ये दर हजारी सुमारे 8, पारशांमध्ये 9, सवर्ण हिंदूंमध्ये सुमारे 19. आणि ज्यांना त्या दप्तरात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे, त्यांच्यामध्ये 61 हून अधिक. आपल्या पूर्वजांच्या शरीरात जन्मतः काही उणे नव्हते. त्यांच्या खोलीत हवा नव्हती, पोटात पुरेसे अन्न नव्हते आणि उंबऱ्याशी वैद्य येत नव्हता. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तीच येथे मृत्यूच्या आकड्यांत दिसते.

ही गोष्ट आपणांस चटकन पटते, कारण ती आपलीच आहे. मात्र कोरोनाच्या साथीत असाच आणखी एक समूह मागे राहिला आणि त्याच्याविषयी आपल्या वस्त्यांतही फारसे कोणी बोलले नाही. तो म्हणजे दीर्घकालीन मानसिक आजाराने ग्रस्त असलेली माणसे.

न्यूयॉर्कमधील एका मोठ्या रुग्णालय समूहातील 7,348 कोरोनाबाधितांचा अभ्यास जानेवारी 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. वय, मधुमेह, हृदयविकार यांचा हिशेब वेगळा केल्यानंतरही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका अडीचपटीहून अधिक आढळला. वाढते वय सोडले तर एवढा मोठा धोका दुसऱ्या कोणत्याही आजाराचा नव्हता. ऑक्टोबर 2021 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नैराश्य आणि स्किझोफ्रेनिया यांचा समावेश कोरोना गंभीर करणाऱ्या आजारांच्या यादीत केला.

असे का घडते? काही कारणे शरीरातील आहेत. दीर्घकाळचा ताण आणि झोपेचा बिघाड रोगप्रतिकारशक्तीवर परिणाम करतो. काही औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते. अनेक रुग्णांत धूम्रपानाचे प्रमाणही अधिक असते. पण पुष्कळशी कारणे शरीराबाहेरची आहेत. रुग्ण ‘दम लागतो’ म्हणाला, तर ‘याचे नेहमीचेच आहे’ असे म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. कधी डॉक्टरही करतात. त्याची तक्रार तक्रार म्हणून धरलीच जात नाही आणि तो रुग्णालयात पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.

लसीकरणाचा क्रम पाहा. 1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना लस मिळू लागली. त्यासाठीच्या वीस व्याधींच्या यादीत बौद्धिक अपंगत्व होते. स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार स्वतंत्रपणे नव्हता. ओळखपत्र नसलेल्या मनोरुग्णालयातील रुग्णांसाठीची कार्यपद्धती मे महिन्यात आली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा संस्थांतील लसीकरणासाठी निर्देश द्यावे लागले. त्याआधी जुलैमध्ये याच न्यायालयाने, बरे झालेल्या मनोरुग्णांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलविण्याच्या महाराष्ट्रातील प्रकाराची गंभीर दखल घेतली होती. बरा झालेला माणूस भिक्षेकरीगृहात का जातो? कारण त्याला न्यायला घरचे कोणी येत नाही.

आपल्या जिल्ह्याकडे वळू. जून 2020 मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून एक कोरोनाबाधित वृद्धा बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिकारी निलंबित झाले, वर्तमानपत्रे पेटून उठली. ती वृद्धा मनोरुग्ण नव्हती. पण जी व्यक्ती स्वतःसाठी ओरडू शकत नाही आणि जिच्याजवळ तिच्या वतीने विचारणारे कोणी नसते, तिचे काय होऊ शकते, हे त्या घटनेने दाखविले. मनोरुग्णाचे तर रोजचेच जगणे असे असते. त्या काळात राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये होती. खानदेशात एकही नव्हते. सावदा-रावेर पट्ट्यात केळीच्या बागेत रोजंदारी करणाऱ्या बाईने आजारी मुलाला घेऊन तेथे जायचे, तर किती दिवसांची मजुरी बुडवायची?

शासनाला जाब विचारलाच पाहिजे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णास शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. तो मागितला पाहिजे. परंतु एक प्रश्न आपल्यालाही आहे. ज्यांच्या पूर्वजांनी गावकुसाबाहेरचे जिणे सोसले, त्यांच्याच घरात मागच्या खोलीत कोणी कोंडलेले असते, लग्नकार्यात ते लपविले जाते आणि उपचाराऐवजी भगताकडे नेले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा-धुपारा कसा चालतो? शिवू न देणे आणि बोलू न देणे यांत अंतर फार थोडे आहे.

आपली परंपरा याच्या नेमकी उलट आहे. पती, मुले, आईवडील गमावून भान हरपलेली पटाचारा लोकांनी हाकलली. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले आणि पुढे ती थोर थेरी झाली. अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूची सेवा सहकारी करीत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले. 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. त्यांनीही कोणाची उपयुक्तता पाहिली नाही.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, तयारी मात्र आजच करता येते. घरात मानसिक आजाराचा रुग्ण असेल, तर त्याच्या औषधांची चिठ्ठी आणि ओळखपत्र एका पिशवीत तयार ठेवावे. ताप वा दम लागल्यास तो सांगेल तसे ऐकावे, रुग्णालयात सोबत एक माणूस थांबावा आणि चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. लसीच्या यादीत त्याचे नाव प्रथम घालावे. मानसिक त्रासासाठी शासनाची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे. मदतीची सुरुवात तेथून करता येते. आपल्या वसतिगृहातही, जो विद्यार्थी अचानक अबोल होतो, जेवण टाळतो, त्याची विचारपूस तापाच्या रुग्णाइतक्याच तत्परतेने व्हावी. माजी विद्यार्थ्यांत जे डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या आहेत, त्यांनी आपापल्या वस्तीतील अशा घरांची माहिती ठेवली, तर पुढच्या संकटात कोणी नजरेआड होणार नाही.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण या शाळेत शिकलो. ज्याला आज संघटित होता येत नाही आणि संघर्ष करता येत नाही, त्याच्या वाट्याचा संघर्ष कोणी करायचा, याचे उत्तर आपल्याच घरातून द्यावे लागेल.

जय भीम!