पायी चालणारीचे काय?
आमच्या भागात नव्या इमारती उठल्या आणि प्रत्येक फाटकापाशी गाड्यांसाठी पदपथ कापला गेला. कडेवर मूल घेऊन धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका ती चढउतार टाळून भर रस्त्यातून चालतात. गुडघे दुखतात म्हणून मीही.

नियम नाहीत असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या निकषांनीच किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि फार तर १५० मिलिमीटर उंची सांगितली होती. पुणे महापालिकेने तर २०१६ मध्ये पादचारी धोरणच केले. पण भोगवटा प्रमाणपत्र देताना दारासमोरचा पदपथ कोण पाहतो? गाडीचा उतार इमारतीच्या हद्दीत घ्या, पदपथ सलग ठेवा, नाहीतर प्रमाणपत्र अडवा, ही आमची मागणी आहे.

मैत्रिणींनो, आपापल्या वस्तीतले पदपथ मोजून कळवा. आमचे काम शिवणवर्गातल्या टेपवर भागले.