यंदाच्या ओवाळणीत एक गेम

सायखेड्यातल्या आणि गोदावरीपलीकडच्या चांदोरीतल्या आईबापांनो, दिवाळीच्या सुट्टीआधी थोडं स्पष्ट बोलून घेतो. त्या दिवसांत द्राक्षबागेच्या छाटण्या आणि फवारण्या डोक्यावर असतात. उन्हाळ कांद्याचं रोप टाकायची घाई असते, आणि घरात पोरं फोनला चिकटलेली. संध्याकाळी दमून आल्यावर आपण ओरडतो, फोन हिसकावतो. सकाळी तोच फोन परत त्यांच्या हातात देतो, कारण कामात त्यांची कटकट नको असते.

माझी विनंती एवढीच आहे की यंदा फोन हिसकावण्यापेक्षा गेम बदलून बघा. आणि तो गेम पोरीला घेऊन द्या, पोराला नको.

आपल्याकडे गेम म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक रमी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये झाला, तेव्हा त्यावर वेगळं बोलायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय. हे फुकट मिळतात आणि संपत नाहीत. एक मॅच झाली की दुसरी, मग 'डायमंड टाकायचेत, शंभर रुपये द्या'. पोराला ताबा नाही असं आपण म्हणतो, पण ज्या खेळाला शेवटच ठेवलेला नाही तो पोराने थांबवायचा कुठे?

तिसऱ्या प्रकारचे गेम आपल्याकडे फारसे पोचलेच नाहीत. एकदाच पैसे द्यायचे, त्यात एक गोष्ट असते, आणि ती संपली की खेळ संपला. असा एक गेम आपल्या पुण्यात तयार झाला आहे. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हे त्याचं नाव, 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही कंपनी. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी ती उभी केली. 2017 मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे जमवायचा प्रयत्न केला, तो फसला. मग श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. ऑगस्ट 2020 मध्ये गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं.

गोष्ट अशी. राजी ही डोंबाऱ्याच्या पोरीसारख्या कसरती करणारी मुलगी, गोलू तिचा धाकटा भाऊ. आईबाप नाहीत. असुर येतात आणि गोलूला पळवून नेतात. राजी त्याच्यामागे निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे धनुष्य हाती येतं, आणि दुर्गा व विष्णू वरून बघत तिची गोष्ट आपल्याला सांगत राहतात. महाल आणि किल्ले राजस्थानी थाटाचे आहेत. मधले प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळातून येतात. भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबलं की देवादिकांच्या कथा ऐकू येतात. चकत्या फिरवून चित्रं जुळवायची कोडी आहेत, त्यांत बहीणभावाच्या आठवणी उलगडतात. मला लढाईपेक्षा ही कोडीच जास्त आवडली.

आता भाऊबीज आठवा. ओवाळणी भावाने घालायची आणि रक्षणही त्यानेच करायचं, अशी आपली रीत. इथे बहीण भावाला सोडवायला निघाली आहे. घरात फोन असतो तो दादाचा. ताईला तो मिळतो अभ्यासाचा फोटो काढण्यापुरता. म्हणून दादाने यंदा ओवाळणीत हा गेम घालावा. खेळायची पाळी ताईची, आणि दादाने शेजारी बसून 'डावीकडून येतोय बघ' म्हणायचं. असा साथीदार चांगल्या गेममध्ये असतोच. 2003 मध्ये फ्रान्समधून आलेल्या 'बियाँड गुड अँड ईव्हल'मध्ये जेड नावाची मुलगी कॅमेरा घेऊन सत्ताधाऱ्यांची कारस्थानं उघडी पाडते, आणि तिच्यासोबत असतो पेज हा डुकराच्या तोंडाचा मामा. जेड आधी बघावी की राजी, हे तुमचं तुम्ही ठरवा. घरात आजी असेल तर राजी घ्या. असुर कोण, त्रिशूळ कुणाचं, हे आजी पोरांना सांगू शकेल आणि चुकलेलं खोडूनही काढेल. पाच-सहा तासांचा खेळ आहे. रोज तासभर धरला तर आठवड्यात उरकतो.

उणिवाही सांगतो, म्हणजे नंतर मला बोल लागायला नको. लढाया काही वेळाने त्याच त्या वाटतात. गोष्ट ऐन भरात थांबते. पोरं 'पुढे काय?' म्हणून रुसतील. मारामारी आहे, पण ती असुरांशी. तरी अगदी लहानांना देऊ नका, दहा-अकराच्या पुढचीच पोरं बसवा. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, त्यामुळे इंग्रजीची अडचण नाही.

खरी अडचण लॅपटॉपची आहे. शाळेच्या कामासाठी घेतलेल्या साध्या लॅपटॉपवर तो अडखळू शकतो. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानावर खाली 'किमान गरज' लिहिलेली असते, ती आपल्या लॅपटॉपशी ताडून बघा, नाहीतर गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला दाखवा. तरीही चाललाच नाही, तर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. म्हणून पहिल्याच संध्याकाळी, लाइट असताना, चालवून बघा. सणासुदीच्या सेलमध्ये किंमत उतरते, तोवर थांबलात तरी हरकत नाही. पैसे स्वतः भरा, यूपीआयचा पिन पोरांना सांगू नका, आणि कार्ड वापरलंत तर ते खात्यात साठवू नका.