गंगाधरचा चष्मा
सुरतजवळच्या इच्छापोरमधल्या भाड्याच्या खोलीत, हजिरा रस्त्यावरून रात्रभर धावणाऱ्या ट्रकांच्या घरघरीत, मी ‘शक्तिमान’ या सुपरहिरो मालिकेचे सुरुवातीचे भाग पुन्हा पाहिले. सप्टेंबर १९९७मध्ये दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली तेव्हा आम्ही खानदेशात होतो. शेजारच्या काकूंच्या ओट्यावर उभं राहून खिडकीतून पाहायचो, वीज गेली की रडकुंडीला यायचो. आज त्या गिरक्या, ते उडणं कच्चं दिसतं, हे कबूल. पण मुकेश खन्ना! ‘महाभारता’तला भीष्म इथे पुढे आलेल्या दातांचा, जाड चष्म्याचा छायाचित्रकार गंगाधर, म्हणजे शक्तिमानचं रोजचं रूप, होतो, वार्ताहर गीता विश्वासच्या मागेमागे बावळटासारखा वावरतो, आणि या वेळी मला शक्तिमानपेक्षा तोच जास्त आवडला. सुपरमॅनची ताकद परग्रहावरून आलेली. शक्तिमानची मात्र साधनेतून, सात चक्रं जागवून मिळवलेली. म्हणूनच असेल, आम्हाला तो परका कधी वाटला नाही. खलनायक किल्विषचा अंधार तर अजूनही घाबरवतो. २०२०च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा लागली, तेव्हा किल्विष पडद्यावर आला की पुतणी माझा हात घट्ट धरायची, मी आईचा धरायचो अगदी तसा.