मुका 'जीएच'

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाचा अंत चार अक्षरे पाहतात : ओ, यू, जी, एच. थ्रू, रफ, कॉफ, डो म्हणजे मळलेली कणीक आणि बाउ म्हणजे फांदी. शेपूट एक, उच्चार पाच! महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले आणि ही डोकेदुखी घरोघरी पोचली.

माझे मत विचाराल तर ही शेपूट कापू नये. जुन्या शब्दकोशात तिच्या आधाराने कितीतरी म्हातारे शब्द बसलेले आहेत. 'चफ' हा लाल चोचीचा, कावळ्याच्या कुळातला पक्षी; कॉर्नवॉलमधून १९७३ साली नाहीसा झालेला हा पाहुणा २००१ मध्ये आपणहून परतला. 'क्लफ' म्हणजे उत्तर इंग्लंडातली घळ. आता तो मुख्यतः आडनावांत आणि गावांच्या नावांत भेटतो. 'साउ' म्हणजे झाडांतून जाणाऱ्या वाऱ्याची सळसळ. एकच स्पेलिंग 'स्लाउ' वाचले तर दलदल, 'स्लफ' वाचले तर सापाची कात. उचकीच्या शब्दाला मात्र ही शेपूट उगाच चिकटली. तिचा खोकल्याशी संबंध असावा, अशी कुणाची तरी समजूत झाली, एवढेच!

हा 'जीएच' जन्मतः मुका नव्हता. घशातून निघणारा तो खरखरीत 'ख' होता. स्कॉटिश माणूस तळ्याला 'लॉख' म्हणतो, त्यात तो अजून ऐकू येतो. कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढे छापील लेखन पक्के होत गेले आणि उच्चार मात्र बदलत राहिले. कुठे 'ख' विरला, कुठे त्याचा 'फ' झाला.

बर्नार्ड शॉ यांनी नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले. त्या लिपीत त्यांचे एक नाटक १९६२ साली छापलेही गेले. लिपी रुजली नाही. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्याकडे साहित्य महामंडळाच्या नियमांना शासनाची मान्यता मिळाली आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. 'पांच'वरचा टिंब म्हणजे 'पञ्च'मधल्या 'ञ'ची आठवण होती. मुलांची सोय झाली, हे मला मान्य आहे. तरी जुने पुस्तक उघडले की तो टिंब मला आवडतो.

आणि 'बाउ'? हा शब्द जुन्या इंग्रजीत खांद्यालाही लावीत, आणि तो आपल्या 'बाहू'चा सख्खा चुलतभाऊ आहे. आपण ज्या जागी 'ह' उच्चारतो, नेमका तिथेच त्यांचा मुका 'जीएच' बसला आहे. पोराकडून ते स्पेलिंग दहादा गिरवून घेण्यापेक्षा शेजारी 'बाहू' लिहायला असा कितीसा खडू लागणार?